दोन मुलांची आई

कारकुनानं गठ्ठ्याची दोरी सोडली, वरचं पत्र वाचलं, खालचं वाचलं, मग मधलं एक उपसून काढलं. चष्मा कपाळावर सरकवत तो म्हणाला, “सिस्टर, ही एक्केचाळीस पत्रं नाहीत. हे एकच पत्र आहे.”

टेबलासमोर उभ्या असलेल्या निवृत्त नर्सला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. लोकप्रतिनिधींचं हे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. तिच्या पायांत गोळे आले होते. खुर्ची दिसत होती, पण बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

“मोजा ना, एक्केचाळीस आहेत,” तिच्याबरोबरची कॉलेजची मुलगी म्हणाली. दर महिन्याला पत्रं लिहिणाऱ्या त्यांच्या गटातले सगळे तिला रेडिओ म्हणत, कारण ती कधी बंद होत नसे.

“मोजली. आता ऐक. ‘मी दोन मुलांची आई आहे आणि जगातलं एकही मूल लशीवाचून दगावू नये, असं मला वाटतं.’ हे दुसरं. ‘मी दोन मुलांची आई आहे.’ आणि ही सही बघ. हा आमच्या शेजारचा पोरगा. अजून धड मिशी फुटली नाही आणि म्हणे दोन मुलांची आई!”

रेडिओचा चेहरा पडला. “सिस्टर, मी तुमचा नमुना फळ्यावर लिहिला होता. वर मोठ्या अक्षरात ‘नमुना’ असंही लिहिलं होतं. मला वाटलं, कळेल सगळ्यांना.”

“आणि तू काय लिहिलंस?” सिस्टरनं विचारलं.

रेडिओ बंद पडला.

सिस्टरला रागवायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. शिवाय नमुना तिचाच होता. बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून तिनं तो लिहिला, तेव्हा तिची मुलं शाळेत जाण्याच्या वयाची होती. आता त्यांना मुलं झाली, तरी वाक्य तेच राहिलं. दर महिन्याला ती स्वतःही तेच उतरवून काढत असे. तिनं गठ्ठ्यात आपलं पत्र शोधलं. खालची सही पाहीपर्यंत तिलाही ते ओळखता आलं नाही.

कार्यालयाचा नियम तिला तोंडपाठ होता. एका विषयावर एका दिवसात हातानं लिहिलेली चाळीस वेगवेगळी पत्रं आली, तर त्यांची चिठ्ठी थेट साहेबांच्या टेबलावर जाते. कमी असली तर फाइलला लागतात. आणि सगळ्यात गरीब देशांतल्या मुलांच्या लशींसाठी जाणारी मदत निम्म्यावर आणायची की नाही, यावर उद्या सकाळी सभागृहात मतदान होतं.

“पाचला मी आवक बंद करतो,” कारकून म्हणाला. त्याला वाईट वाटत असावं, कारण त्यानं खुर्ची पुढे सरकवली. “आत्ता सव्वातीन झालेत. कोरे कागद हवेत का?”

रेडिओनं गटातल्या आठवेल त्याला फोन लावला. कोणाची परीक्षा, कोणाची नोकरी, कोणी फोनच उचलेना. चार वाजता सहा जण धापा टाकत जिना चढून आले. त्यांत तो बिनमिशीचाही होता. व्हरांड्यातल्या बाकावर सगळे दाटीवाटीनं बसले, कागद मांडीवर घेतले आणि सवयीप्रमाणे सिस्टरकडे पाहू लागले.

“काय लिहायचं?”

“मला विचारू नका!” ती एकदम कडाडली. मग तिलाच कसंतरी वाटलं. “खरंच नका विचारू, बाळांनो. मी सांगितलं की काय होतं, ते बघितलंत ना.”

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. एकीनं पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं. बिनमिशीच्यानं शेवटी एक ओळ लिहिली, ‘मी कोणाचीही आई नाही,’ आणि त्या ओळीकडे बघत बसला. मग तो खाली मान घालून लिहीतच सुटला. रेडिओनं डोळे पुसले आणि कागदावर हाताचा आडोसा करून लिहायला घेतलं, जसं काही कोणी तिचं बघून लिहिणार होतं.

सिस्टरच्या मांडीवरचा कागद साडेचारपर्यंत कोराच होता.

पाचला पाच कमी असताना तिनं सगळी पत्रं गोळा करून टेबलावर ठेवली. कारकुनानं ती एकेक करून वाचली आणि प्रत्येकावर शिक्का मारला.

“आठ,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“फाइलला लागतील, सिस्टर.”

“लावा.”

रेडिओ काही बोलणार होती, पण सिस्टरनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी जिन्याकडे वळल्या. उतरताना सिस्टर प्रत्येक पायरीवर थांबत होती. मतदान कसं होणार, हे तिला आत्ताच कळून चुकलं होतं. पुढच्या महिन्याचं पत्र कोणी लिहायचं, हाही प्रश्नच होता.

वर कारकून शिक्का पेटीत ठेवायला निघाला होता. सगळ्यात वरच्या पत्रावर त्याची नजर परत गेली.

‘मी दमले आहे. पस्तीस वर्षं मी तान्ह्या मुलांना सुया टोचल्या. मूल कळवळून रडायचं आणि त्याची आई हसायची, कारण तिला ठाऊक असायचं की आता हे वाचेल. निम्म्या आयांना उद्यापासून तसं हसता येणार नाही. त्या निम्म्या कोणत्या, ते तुम्ही ठरवा. मला जमणार नाही.’

खाली सही होती, दुसरं काही नव्हतं. कारकुनानं कागद उलटा करून मागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं. मग तो उठला, आणि आठ पत्रं हातात घेऊन साहेबांच्या बंद दारासमोर जाऊन उभा राहिला.