सोनूची आई

"मॅडम, उठा ना जरा. प्रेग्नंट लेडीज उभ्या आहेत, दिसत नाही का?"

कंडक्टर ईश्वर मागून पंचशीलाला सांगत होता. इंद्रलोक वसाहतीकडे जाणाऱ्या बसमध्ये ती बायकांच्या पहिल्या सीटवर बसली होती आणि तिच्या पोटात मुगाच्या दाण्याएवढा एक ठिपका होता. तो तासाभरापूर्वीच डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवला होता. म्हणजे उठायचं कुणी, हा प्रश्नच होता.

समोर दांडा धरून एक जाडजूड बाई उभी होती, घामाघूम झालेली. "राहू द्या हो," असं ती हसत पुटपुटत होती, पण "मी गरोदर नाही" असं काही म्हणत नव्हती. ते हसू पंचशीलाने लगेच ओळखलं. ओळखणार नाही तर काय? ते तिचंच होतं.

गेल्या वर्षापर्यंत पंचशीला एकशे बारा किलोची होती. ह्याच बसने काशीमीऱ्याच्या एका गोदामात बिलिंगच्या कामाला जायची. ईश्वरने पहिल्यांदा एका माणसाला उठवून तिला जागा दिली, तेव्हा ती लाजेने अर्धमेली झाली. पण लाज काही गुडघेदुखीवरचं औषध नव्हे. बसली. मग रोजच बसायला लागली. पुढे मे महिन्यात परभणीला माहेरी जाऊन आली, तर ईश्वरने विचारलं, "काय ताई, मुलगा की मुलगी?" खरं बोलावं तर आजवरची सगळी अब्रू जायची. "मुलगा," ती बोलून गेली. नाव? सोनू! झालं, सोनू जन्माला आला. बसमध्येच त्याचं बारसं झालं, बसमध्येच त्याला दात आले, वाढदिवस आणि केजीचं ॲडमिशनही तिथेच झालं. पोट मात्र होतं तिथेच, म्हणून मग तिने दुसऱ्यांदा दिवस गेल्याचंही सांगून टाकलं. एकदा सोनूला ताप आहे असं सांगताना तिचाच जीव खालीवर झाला, इतकी ती त्याच्यात गुंतली होती. घरी नऊ वर्षांत पाळणा हलला नव्हता, आणि ते तिला फार लागायचं.

शेवटी तिने वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. सर्जन म्हणाले होते, "वजन उतरलं की दिवस लवकर जातात. पण दीड वर्ष मूल नको. काळजी घ्या." जिना उतरताना तिचा नवरा लोकेश म्हणाला, "नऊ वर्षं दार सताड उघडं ठेवलंय, कुणी फिरकलं नाही. आता कडी कशाला लावायची?" ती त्याच्याहून मोठ्याने हसली होती. ऑपरेशननंतर सातव्याच महिन्यात ते हसणं अंगाशी आलं.

आज डॉक्टरीणबाईंनी तिच्या आणि सोबत न आलेल्या लोकेशच्या अकलेचा उद्धार केला आणि मग शांतपणे सांगितलं, "अंगात रक्त कमी आहे. जोखीम आहे. पण तपासण्या, गोळ्या, खाणं नीट सांभाळलंत तर बऱ्याच जणींचं सुखरूप होतं. ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सोमवारी सांगा."

पंचशीला घाबरून गेली होती. अर्ध्या वाटी वरणात आपलं पोट भरतं, ह्या जिवाला काय घालणार? एवढी वर्षं खाल्लं तेव्हा हा आला नाही, आणि आता उपाशी आईकडे आलाय. ह्यालाही आईबापाएवढीच अक्कल दिसतेय! लोकेशला फोन करायच्या आधीच तिने मनात "नको" असं जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

"अरे बहन, उठ जाओ ना," मागून कुणीतरी ओरडलं.

ती अर्धवट उठली. डोळ्यांपुढे अंधारी आली. एक हात दांड्याकडे जायच्या ऐवजी पोटाकडे गेला. ती परत खाली बसली.

"मी पण गरोदर आहे," ती मोठ्याने म्हणाली.

बस हसली. "काटकी नुसती, आणि म्हणे गरोदर!" एक आजी म्हणाल्या. "सीटसाठी काय काय थापा मारतात बाया!" त्यांना तरी काय बोलणार? ह्या सीटवरच्या थापांचा धंदा तिनेच चालवला होता. ती खिडकीकडे सरकली आणि त्या जाड बाईला म्हणाली, "या हो, बसा. मावतो दोघी." मावल्याही. पूर्वी ही सीट तिला एकटीलाच अपुरी पडायची.

ईश्वर गर्दीतून पुढे आला. आवाज त्याला ओळखीचा वाटला असावा. वाकून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"थांबा, थांबा. सोनूची आई ना तुम्ही? केवढ्या वाळलात हो ताई!" तो बसकडे वळला. "ओ आजी, खरं बोलतायत त्या. मी ओळखतो ना ह्यांना. तिसरं आहे ह्यांचं!"

आजींनी हात जोडले. आता नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, सीटही राहिली असती आणि अब्रूही. पंचशीलाने हात पोटावरून काढला नाही. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं.

"नाही हो दादा," ती म्हणाली. "सोनू अजून यायचाय."