शेरा: संवादात अडचण

इंग्रजीपायी दोनदा बढती हुकली, तेव्हा स्टोअरकीपर भाऊंनी पन्नाशीत संध्याकाळचा क्लास लावला. नटबोल्ट मोजतानाही त्यांच्या तोंडी इंग्रजी वाक्प्रचार असत. "अहो, निदान माझ्याशी तरी मराठीत भांडा," बायको वैतागून म्हणायची.

यंदाच्या मुलाखतीत साहेबांच्या दर प्रश्नाला भाऊंनी एकेक ठेवणीतला वाक्प्रचार काढला. साहेब नुसते 'व्हेरी गुड, व्हेरी गुड' म्हणत मान डोलवत राहिले. आठवड्याने निकाल आला: नापास. पुढे साहेबांच्या सहीनिशी शेरा, 'संवादात अडचण'.

चडफडत भाऊ क्लासला पोचले, तर त्यांच्याच बाकावर साहेब कोरी वही उघडून बसलेले.

"ऑफिसात बोलू नका हं, भाऊ," साहेब कुजबुजले, "आणि तिसऱ्या प्रश्नाला काय म्हणालात, ते जरा सावकाश सांगा."