पिशवीतला टेपरेकॉर्डर
सातपूरच्या कारखान्यात संपाची कुजबुज सुरू झाली तेव्हा साहेबांनी कारभारी नावाच्या आपल्या कारकुनाला छोटा टेपरेकॉर्डर दिला. कारभारीने तो पिशवीत दडवून युनियनवाल्या सहादूच्या घरी नेला. आज चौकशीत सहादूसमोरच ती कॅसेट लागली. "सोमवारपासून मशिनी बंद," सहादूचा आवाज घुमला. साहेब खूश झाले. पण जेवायला बसताना कारभारी बटण बंद करायला विसरला होता. टेपवर सहादूची बायको बोलली, "भाऊजी, लाजू नका. घ्या अर्धी भाकर." "वाढा वहिनी, तुमच्या हाताला चव हाय." स्वतःचा आवाज ऐकून कारभारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहादूने मान वर केली. "नोकरी घ्या साहेब. पण घरच्या बाईचा आवाज पुसा." साहेबांनी खूण केली. पुसायची जागा सापडावी म्हणून कारभारीने टेप मागे घेऊन पुन्हा लावली. "भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "घ्या अर्धी भाकर."