कुणी केलं ते लिही

सॉफ्टवेअरच्या चाचणीत एखादी पायरी मोघम दिसली, की वेदश्री ती परत पाठवायची. “‘बटण दाबलं गेलं’ म्हणजे काय गं, श्रीनिधी? भुतानं दाबलं? कुणी काय केलं ते लिही.”

सोमवारी वेदश्रीची तीन बोटं प्लास्टरमध्ये होती.

“अक्का, हे काय?” उणकल भागातल्या इमारतीत तिच्या खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या श्रीनिधीनं विचारलं.

“काही नाही गं, दारात सापडली.”

दुपारी श्रीनिधीची नवी चाचणी वेदश्रीकडे तपासायला आली.

‘वेदश्रीअक्काची बोटं दाराच्या फटीत आहेत.
तिचा नवरा दार आपटतो, उघडतो, पुन्हा आपटतो.
श्रीनिधी पोलिसांना फोन करते.’



वेदश्रीनं डाव्या हातानं, पहिल्यांदाच एकही शब्द न बदलता, ‘मंजूर’वर क्लिक केलं.