पडद्यामागचा खोकला

अत्तरवाल्याचं नाक सहा वर्षं चोंदलेलं, तरी कुपी हुंगून अत्तर ओळखण्यात त्याचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. कारण दुकानातल्या पडद्यामागून बायको खोकायची. एकदा म्हणजे गुलाब, दोनदा म्हणजे मोगरा. आज नाकाचं ऑपरेशन झालं आणि नाकपुड्यांत बोळे घेऊन तो भुलीच्या गुंगीत पडला होता. एसीच्या गारठ्यानं उशाशी बसलेल्या बायकोला ठसका लागला. "गुलाब! अस्सल!" तो ओरडला. तिनं तोंडात रुमाल कोंबला, पण खोकला कसला ऐकतोय! दोनदा आलाच. "मोगरा! डोळे झाकून घ्या, साहेब!" नर्स म्हणाली, "भुलीत बरळतातच हो." डॉक्टर मात्र दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, "हे नाक तर ठार बंद होतं. मग इतकी वर्षं अत्तरं ओळखली कुणी?" बायकोनं रुमाल काढला आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच न खोकता सांगितलं, "मी."