क्षितिजालगतची अरुंधती

भाचीचं पत्र येऊन सात महिने झाले, तरी श्रीकर गद्र्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

"मामा, आकाशातले आरसे शहरांवर रात्रभर ऊन पाडतात. इथे एकही तारा दिसत नाही. तरी लग्नात गुरुजी वर बोट दाखवतात आणि नवरा-नवरी 'अरुंधती दिसली' म्हणतात. खोटं बोलून मी संसार मांडणार नाही. घरातल्या एकाने तरी ती पाहायला हवी. तू पाहा आणि स्वतःच्या हाताने लिही. तोवर मी बोहल्यावर चढत नाही. अन्वी."

श्रीकर काम करत त्या चिलीच्या वाळवंटातल्या वेधशाळेवर अंधार राहावा म्हणून आकाशातले आरसे दुसरीकडे वळवलेले असत. पण अरुंधती तिथे उत्तर क्षितिजावर जेमतेम येते, आणि चाळीस मीटरची दुर्बीण इतकी खाली झुकत नाही. दुर्बिणीशिवाय 'दिसली' कसं लिहायचं, यातच श्रीकर अडकले होते.

शेवटी आज तिन्हीसांजेला ते उत्तर क्षितिज मोकळं दिसणाऱ्या टेकडीकडे निघाले. पाण्याचा टँकर घेऊन आलेला, जाताना टपालही नेणारा एफ्राइन हसला. "प्रोफेसर, एवढी दुर्बीण सोडून पायी?"

"तिची मान तेवढी वाकत नाही."

"आणि तुमचे गुडघे वाकतात?"

"बघू. मी येईपर्यंत टँकर थांबवून ठेव."

माथ्यावर पोचेपर्यंत अंधारलं होतं. सप्तर्षी उलटे टांगले होते. वसिष्ठाला खेटून एक बारीक ठिपका होता. श्रीकरांनी चष्मा तीनदा पुसला. तिन्ही वेळा ती तिथेच होती.

खाली येऊन त्यांनी अंश, कला, संभाव्य चूक असं सगळं लिहिलं, आणि खोडलं. मग लिहिलं, "अन्वी, दिसली. नुसत्या डोळ्यांनी. मांडव घाला."

पाकीट त्यांनी स्वतः टँकरमधल्या टपालाच्या पिशवीत टाकलं.