चिमूटभर भुकटी

धाकट्या बहिणीचा कृत्रिम पाय धावण्याच्या स्पर्धेच्या तोंडावर मोडला आणि थोरलीने स्वतःलाच लाखोली वाहिली. पाय तिनेच प्रयोगशाळेत घडवला होता. कार्बनची भुकटी घातली की साच्यात ओतायची इपॉक्सी राळ दणकट होते, म्हणून तिने भुकटी सढळ हाताने ओतली आणि तेच अंगाशी आलं. आत गुठळ्या राहिल्या आणि नेमका तिथेच तडा गेला. या खेपेला तिने चिमूटभरच भुकटी घेतली, पण दंड भरून येईपर्यंत घोटली. नवा पाय साच्यातून निघाला. “आधी यंत्रावर वाकवून बघते,” थोरली म्हणेपर्यंत धाकटी तो चढवून टेबलावर उभीसुद्धा राहिली. “अगं ए, उतर खाली! मोडला तर?” “तर तू परत घोट, ताई. मी परत उडी मारते!” थोरलीने डोळे गच्च मिटले. धप्प! तिने डोळे उघडले, तेव्हा धाकटी पुन्हा टेबलावर चढत होती.